अनंत सरांच्या नावावरची माझी चूक

अनंत सर गेल्याची बातमी मला दोनदा कळली. पहिल्यांदा कळली ती ओरोसच्या एका सरकारी कचेरीतल्या बाकावर. कॉलेजचे कसलेसे कागद घेऊन मी सकाळपासून ताटकळत बसले होते. दुपार उलटली तरी समोरचा कारकून "मॅडम, साहेब मीटिंगमध्ये आहेत" एवढं एकच घोकत होता आणि माझं डोकं तापत चाललं होतं. तेवढ्यात सरांच्या शेजारच्या शालिनीवहिनींचा फोन आला. "वासंती, सर उठनत नाय गो..." एवढंच त्यांना बोलता आलं. जेवून खुर्चीत जरा कलंडले होते, ते तसेच गेले. मी कागद तिथंच टाकले, त्या बिचाऱ्या कारकुनाला तोंडाला येईल ते बोलले आणि कसालवरून मिळेल त्या गाडीने मालवण गाठलं.

दुसऱ्यांदा ही बातमी मला कळली पंधरवड्यापूर्वी, कॉम्प्युटरवर. संशोधनातून गोळा झालेली माहिती कुलूपबंद न ठेवता जगभर एकमेकांना मोकळेपणी द्यायची, असं मानणारी देशोदेशीच्या लोकांची एक मंडळी आहे. सर तिचे सभासद होते. या मंडळीचं दर महिन्याला एक वार्तापत्र निघतं. पुढचं संमेलन कुठल्या देशात, नाव नोंदवायची मुदत कधी, समुद्राच्या तापमानाच्या नोंदींसाठी कुठला नवा गट निघाला, असल्या बातम्या त्यात असतात. त्या सगळ्यांच्या मधोमध एका चौकटीत सरांचा फोटो होता. खाली इंग्रजीत मजकूर होता, त्याचा अर्थ असा, की भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या शिक्षकाने स्वतःच्या हातून झालेली गंभीर चूक जगासमोर उघडपणे कबूल केली आणि त्या चुकीतूनच आपला आजचा नियम तयार झाला.

वाचता वाचता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं आहे ते. धादांत खोटं! चूक सरांची नव्हती, माझी होती. तिच्यापायी मार खाल्ला सरांनी, गावानं वाळीत टाकलं सरांना, आणि आता मेल्यावरही ती त्यांच्याच नावावर छापून आली. मी इतकी वर्षं तोंड शिवून बसले. म्हणून हे लिहायला घेतलंय. दोन गोड आठवणी आणि चार फुलं एवढ्यासाठी कुणी वाचत असेल तर त्यांनी इथंच थांबावं.

सर मूळचे घाटाच्या पायथ्याच्या एका गावचे. घरची काजूची बाग, थोडी भातशेती. समुद्र त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिला तो मालवणच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायला आले तेव्हा, आणि पोहायला तर त्यांना शेवटपर्यंत आलं नाही. पण आल्या आल्या हा माणूस सकाळी किनाऱ्यावर जाऊन रापण ओढू लागला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोराला ज्याचा हात लागेल त्याला माशांचा वाटा मिळतो. सर दोर ओढायचे आणि वाटा घ्यायचे नाहीत. "वाटो नको, पोटां बघूक द्या," म्हणायचे. मग वाळूत उकिडवे बसून एकेका माशाचं पोट चिरून बघायचे, की आत गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, आहे का, असली तर किती पिकलीय. कोळणी पदर तोंडाला लावून हसायच्या. "खुळो मगो ह्यो मास्तर!" त्यांनी सरांचं नावच गाभोळी मास्तर ठेवलं. सरांना त्याचं कोण कौतुक! प्राचार्यांनी दिलेल्या पदापेक्षा हे पद मोठं, असं ते आम्हा विद्यार्थ्यांना वर्गात सांगायचे.

मी कसालची, शाळामास्तराची मुलगी, आणि लहानपणापासून रागीट. पहिल्याच वर्षी सरांनी माझ्या प्रयोगवहीवर लाल रेघ मारली म्हणून मी समोरचा ट्रे उचलून आपटला. सरांनी तो शांतपणे उचलला आणि म्हणाले, "बेडूक आधीच मेलेलो आसा गो. तेच्यार राग काढून काय उपयोग?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्या दिवसापासून मी त्यांची झाले ती झालेच. पुढे मी कॉम्प्युटर शिकले, त्याच कॉलेजात शिकवायला लागले, लग्न होऊन मालवणातच राहिले. आमच्या घरचा बर्फाचा धंदा आहे. गिऱ्हाईक सगळे मच्छीमार. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं त्यात या बर्फाचाही हात आहे.

सरांच्या जाड पुठ्ठ्याच्या वह्यांनी एक अख्खं कपाट भरलं होतं. कुठल्या महिन्यात, कुठल्या चंद्राला, कुठल्या जागी कुठला मासा गाभोळीनं भरलेला असतो, याच्या नोंदी. त्यातली जागांची माहिती त्यांना दिली जयवंत तांडेलांनी. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. जयवंत अंगानं सडसडीत, बोलायला तिखट आणि दर्यातल्या जागांच्या बाबतीत कंजूष माणूस. आमच्याकडे समुद्रातल्या जागा खुणांनी लक्षात ठेवतात. देवळाचा कळस आणि डोंगरावरचा एकटा माड एका रेषेत आला पाहिजे, आणि त्याच वेळी डाव्या हाताला अमक्या घराचं छप्पर तमक्या टोकाला चिकटलेलं दिसलं पाहिजे, की खाली आपला खडप. पाण्याखालचा खडक. या खुणा बाप मुलाला सांगतो, बाहेरच्याला मरता मरता सुद्धा सांगत नाही. गाभोळीच्या दिवसांत त्या खडपांवर कुणी जाळं टाकायचं नाही, हा त्यांचा त्यांनीच पाळलेला नेम. मासे तिथं सुखानं पिलावतात म्हणूनच बाकीचं वर्षभर चूल पेटते.

अशा जागा सरांना दाखवायच्या तर आधी गाऱ्हाणं घालावं लागलं. सर जयवंतांची नक्कल करून ते ऐकवायचे. होडीत नारळ धरून उभं राहायचं आणि समुद्राला सांगायचं, "बा देवा म्हाराजा, ह्यो मास्तर आज आमच्यावांगडा दर्यात इलो हा. तेका आमी आमचे जागे दाखवतो. ते तेच्या वहीत रवांदेत. वहीच्या भायर गेले, तर जेणी नेल्यान तेका तू बघून घी म्हाराजा!" आणि बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" नक्कल झाली की सर एकदम गंभीर व्हायचे. "हसतंस काय? शपथ आसा ती," म्हणायचे.

त्या जगभरच्या मंडळींची ओळख सरांना माझ्यामुळे झाली. माहिती शोधता शोधता मला त्यांचं पान सापडलं आणि मी सरांना दाखवलं. सर वेडे झाले. आमच्या गावात शिमग्याला पालखी येते आणि सगळी घरं जिथं जमतात त्या जागेला मांड म्हणतात. सर या मंडळीला "आमचो मांड" म्हणू लागले. कुणी हिमनद्यांचे आकडे घेऊन यायचं, कुणी पक्ष्यांचे, कुणी जुन्या बोलींचे, आणि येणारा आपलं ठेवून दुसऱ्याचं घेऊन जायचा, तेही फुकट. रापणीत वाटा न घेणाऱ्या माणसाला हे आवडणारच. "वासंती, माज्या वह्या मांडार ठेवया," ते म्हणाले. दोन वर्षं आम्ही बसून त्या वह्या कॉम्प्युटरात चढवल्या. मी टाइप करायची, ते वाचून दाखवायचे, मध्ये शालिनीवहिनी चहा आणून द्यायच्या.

अडलं ते जागेच्या रकान्यात. तिथं कळस आणि माड चालत नव्हता, अक्षांश-रेखांश पाहिजे होते. सरांनी एका मिनिटात निकाल लावला. "सगळ्यांका एकच घाल. मालवणच्या बंदराचो." मी तसं घातलं. मग परदेशातल्या एका विद्वानानं अगदी सभ्य भाषेत विचारलं, की या सगळ्या नोंदींना एकच जागा कशी? हे खरोखर समुद्रावर जाऊन गोळा केलंय ना? सर हसले. "विचारूदेत. आमका म्हायत आसा मगो." मला मात्र ते झोंबलं. उन्हातान्हात वाळूत बसून माशांची पोटं चिरणाऱ्या माझ्या सरांना हा खुर्चीत बसून खोटा ठरवणार? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दिवाळीची सुट्टी होती. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला पट्टी. मी त्यांच्या वह्या घेतल्या, फोन घेतला आणि देवळापासून डोंगरापर्यंत पायपीट केली. एकेका खुणेशी उभी राहून तिची जागा टिपली, कॉम्प्युटरच्या नकाशावर रेषा ओढल्या. जिथं रेषा एकमेकींना छेदत तिथं बरोबर पाण्याखाली खडप निघायचा! मला इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही. म्हातारीचो खडप, तीन भावांचो खडप, अशी जयवंतांच्या घरातली नावं मी एकेक अक्षर जुळवून इंग्रजीत लिहिली. नावासमोर आकडे. आकड्यांसमोर गाभोळीचा महिना. खाली, हे काम कुणी केलं त्या ओळीत, ऐटीत स्वतःचं नाव. मग सरांना फोन केला, "सर, जरा साफसफाई केलीय, पाठवू?" ते म्हणाले, "पाठय गो. तू बघलंस म्हणजे झाला." मी बटण दाबलं.

गाऱ्हाणं मी विसरले नव्हते. कुणी म्हणेल विसरली असेल, कामाच्या नादात गेलं असेल लक्षातून. नाही. लख्ख आठवत होतं. मी मनात म्हटलं, मासे मारणारे कशाला जातायत असली पानं उघडायला? हे विद्वानांसाठी आहे. शपथ घातली ती होडीतल्या लोकांनी, आणि होडीतले लोक हे वाचणार नाहीत. एवढी माझी अक्कल. पहिल्यांदा कौतुकच झालं. वार्तापत्रात सरांच्या कामाची बातमी आली, कुठून कुठून पत्रं आली. माझ्यावर विसंबून सरांनी ती माहिती पुन्हा उघडून पाहिली नाही; ते हसत होते आणि मी मिरवत होते.

पुढच्या वर्षी थंडी पडू लागली आणि बाहेरच्या मोठ्या बोटी आल्या. झगझगीत दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या, एका जाळ्यात अख्खा थवा उचलणाऱ्या बोटी. त्या यापूर्वीही यायच्या, पण चाचपडत यायच्या. या वेळी त्या सरळ खडपांवर येऊन उभ्या राहिल्या, नेमक्या गाभोळीच्या दिवसांत. चार दिवसांत त्यांनी सगळं खरवडून नेलं. जाळ्यात चेंगरून फुटलेली, त्यांना नको असलेली मासळी लाटांबरोबर आमच्या किनाऱ्यावर आली. सबंध पुळण फुटलेल्या गाभोळीनं नारिंगी झाली होती. बायका त्यात उभ्या राहून छाती बडवत शिव्या देत होत्या. "शिरा पडो तुमच्या तोंडार! कुळी बुडांदे तुमची!" मी तिथं होते. यांना खडप इतके नेमके कसे सापडले, हा प्रश्न मी मनात येऊच दिला नाही.

पाचव्या दिवशी उजाडताना आमच्या होड्या बाहेर पडल्या. किनाऱ्यावरून दिसत होतं. एका मोठ्या बोटीला बारक्या होड्यांनी घेरलं. दगड, जाळ्याची शिशाची वजनं, पेटते बोळे. वरून लोखंडी सळ्या आणि उकळतं पाणी. ओरडणं वाऱ्याबरोबर तुटक तुटक ऐकू यायचं. मग ती बोट गर्रकन वळली आणि जयवंतांचा धाकटा भाऊ महादेव, चाळिशीचा, दोन पोरींचा बाप, त्याचा पाय होडी आणि बोटीच्या मध्ये सापडला. त्याला किनाऱ्यावर आणलं तेव्हा गुडघ्याखाली पाय राहिला नव्हता, चिंध्या होत्या. तो ओरडत नव्हता. "माजो पाय खंय? माजो पाय खंय?" एवढंच हळू आवाजात विचारत होता. आमच्या धंद्याच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेला. गाडीतला बर्फ लाल झालेला मी पाहिलाय.

त्या बोटीवरचा एक खलाशी पाण्यात पडला होता. त्याला ओढून होडीत घेतला आणि अर्धमेला होईस्तोवर मारला. त्याच्या खिशातल्या फोनमध्ये नकाशा निघाला. नकाशावर ठिपके, आणि ठिपक्यांवर नावं. म्हातारीचो खडप. तीन भावांचो खडप. ही नावं या जगात दोनच ठिकाणी होती, जयवंतांच्या घरात आणि गाभोळी मास्तरांच्या वहीत. आम्ही ती माहिती कुणालाही उतरवून घेता यावी म्हणूनच तर ठेवली होती. कुणीतरी उतरवून घेतली.

दुपारी होड्यांवरची माणसं सरांच्या घरी आली. मी तिथंच होते, आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. फोनमधल्या नावांची गोष्ट आमच्यापर्यंत आली होती आणि मी सरांना नुकतं सगळं सांगितलं होतं. बंदराचा आकडा काढून मी काय घातलं, कसं घातलं.  सर माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढ्यात बाहेर गलका झाला. सर उठले, बाहेरच्या ओटीवर गेले आणि जाता जाता माझ्या खोलीला बाहेरून कडी घातली. मी दारावर धडका दिल्या. "सर, दार उघडा!" कडी निघाली नाही.

खिडकीतून मी पाहिलं. जयवंत पुढे होते, हातात वल्हं. त्यांच्या सदऱ्यावर भावाचं रक्त होतं. "मास्तरा, आमचे जागे कोणी भायर काढल्यान?" सर म्हणाले, "मीच काढलंय." एवढंच. जयवंतांनी पुन्हा विचारलं. मला वाटतं, त्यांना "नाही" हे उत्तर ऐकायचं होतं. सर पुन्हा तेच म्हणाले. पहिला फटका खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला खिडकीपर्यंत ऐकू आला. सर गुडघ्यांवर आले. मग कुणी लाथा घातल्या, कुणी केस धरून डोकं पायरीवर आपटलं. कानातून रक्त आलं. जबडा एका बाजूला लोंबायला लागला. त्यांनी एकदाही हात वर केला नाही. वह्यांचं कपाट बाहेर ओढून अंगणात पेटवलं गेलं. म्हातारा माणूस मातीत पडलेला आणि शेजारी त्याचं आयुष्य जळतंय... हे मी पाहिलं.

मी लोकांना सांगताना नेहमी सांगत आले, की मी घरात कोंडलेली होते, काही करू शकत नव्हते. दाराला कडी होती, हे खरं आहे. पण खिडकी उघडी होती. दहा पावलांवर ते होते. एक हाक पुरे होती, "मी केलंय!" एवढी एक हाक. वर्गात ट्रे आपटणारी, कचेरीत कारकुनावर धावून जाणारी मी, माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मला आमचा बर्फाचा कारखाना पेटलेला दिसला, नवरा दिसला, माझी मुलगी दिसली. मी खिडकीखाली बसले आणि दोन्ही कानांवर हात दाबून धरले.

दवाखान्यात पोलीस आले. सर जबड्याला बांधलेल्या पट्टीतून, दातओठ आवळून, अगदी शुद्ध भाषेत म्हणाले, "ओटीवरून घसरून पडलो. कुणाविरुद्ध माझी तक्रार नाही." पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. ते गेल्यावर माझा बांध फुटला. तांब्याचं भांडं होतं उशाशी, ते मी भिंतीवर फेकून मारलं. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कशाला घेतलंत अंगावर?  सर म्हणाले, "गाऱ्हाणा माज्या नावान घातलेला गो. मोडला तां माज्याच नावान मोडला. आनी तुका ह्या गावात रवाचा आसा." मी म्हटलं, मी जाऊन सांगते. ते म्हणाले, "महादेवाचो पाय परत येतलो काय? मगे गप बस." मला तेच हवं होतं. मी गप्प बसले. मोठेपणा त्यांचा, सोय माझी.

जागांची माहिती मी मारहाणीच्याच दिवशी काढून टाकली होती, पण एकदा बाहेर गेलेलं परत येत नाही. "हे काम कुणी केलं" त्या ओळीतलं माझं नाव सरांनी एका हातानं टाइप करून खोडलं आणि स्वतःचं घातलं. पुढे त्यांच्या मांडाच्या संमेलनात ते घरूनच स्क्रीनवर बोलले. जबडा नीट बसला नव्हता, एका कानानं ऐकू येत नव्हतं. मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की माझ्या लोकांच्या जागा मी त्यांना न विचारता दिल्या, त्याची किंमत एका माणसाच्या पायानं मोजली, तुम्ही असं करू नका.  मग त्यातूनच नियम झाला: ज्यांच्या तोंडून माहिती आली त्यांना विचारल्याशिवाय नेमकी जागा द्यायची नाही, द्यायचीच तर धूसर करून द्यायची. देशोदेशीची माणसं त्यांना मानू लागली. मी शेजारी बसून माइक चालू-बंद करत होते.

आणि गावात? गावानं त्यांना माणसांतून उठवलं. रापणीच्या दोराला हात लावू दिला नाही. पुळणीवर गेले तर लोक थुंकून बाजूला व्हायचे. कोळणी त्यांना मासे विकेनात. मालवणात राहणारा माणूस, ज्याला माशाशिवाय घास उतरत नाही, तो भाजी-आमटीवर आला. मी माहेरी गेले की कसालच्या बाजारातून बांगडे आणायची, पिशवीत लपवून. सर मिटक्या मारत खायचे. "मालवणात ऱ्हवान कसालचे बांगडे खातंय, कोणाक सांगू नको हां!" मी हसायची. असं हसायला मला लाज कशी वाटली नाही, कोण जाणे. आमच्याकडे मात्र रोज सकाळी दारात ताजी मासळी यायची. बर्फवाल्यांचं घर ना आमचं.

सरांना पोचवायला आम्ही मोजकी माणसं होतो, सगळी कॉलेजची. किनाऱ्यावरचं कुणी आलं नाही. मी तेव्हाही काही बोलले नाही. मग ते वार्तापत्र आलं. त्या मंडळींना मी लगेच लिहिलं, की तुम्ही छापलंय ते चूक आहे, "हे काम कुणी केलं" त्या ओळीत माझं नाव घाला. त्यांचं सौजन्यानं भरलेलं उत्तर आलं, तुमच्या प्रामाणिकपणाचा आदर वाटतो वगैरे. ओळ त्यांनी दुरुस्त केली. ते सोपं होतं. त्यांच्यातलं कुणी मला वल्ह्यानं मारणार नव्हतं.

गेल्या रविवारी सकाळी मी जयवंत तांडेलांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. आता त्यांचे केस पांढरे झालेत. जाळं विणत बसले होते. ओटीवर महादेव, बाजूला कुबड्या टेकवलेल्या. "ये गो वासंती, बस," जयवंत म्हणाले. मी बसले नाही. उभ्या उभ्या सांगितलं. "ते जागे मास्तरांनी काढूक नाय. मी काढलंय. तेंच्या डोळ्यार पट्टी होती, तेंका म्हायत पण नव्हता." जयवंतांचा हात चालत राहिला, आणि मग थांबला. महादेवनं कुबडी उचलली आणि सगळ्या ताकदीनं माझ्यावर फेकली. ती दंडावर बसली. मी हलले नाही. दुसरी फेकायला त्याच्याजवळ होती, पण तो ती छातीशी धरून रडायला लागला.

"त्या दिवसा तू खंय होतंस?" जयवंतांनी विचारलं.

"आत. खिडकेकडे."

"बघीत होतंस?"

"होय."

जयवंत उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता मारतील, मारावं असंही वाटलं. पण त्यांचे हात नुसते लोंबत होते.

"मी दोनदा इचारलंय तेंका," ते म्हणाले. "दोनदा. तेंनी नाय म्हटला आसता तर मी वल्हा खाली टाकतलंय होतंय..." मग ते समुद्राकडे वळले. आणि माझ्याकडे न बघता, स्वतःलाच विचारावं तसं म्हणाले,

"मगे मी कोणाक मारलंय गो?"